टकळी, पेटी चरखा की लोकरीचं स्पिंडल? आधी पेळू कुठून येणार ते बघा

हाताने सूत कातायचा छंद लावून घ्यायचाय, तर काय घेऊ, असं कुणी विचारलं की उत्तर देणारे लगेच साधनांची नावं सांगायला लागतात. एक म्हणतो टकळीपासून सुरुवात कर, दुसरा म्हणतो थेट चरखाच घे, तिसरा परदेशी चाकाचा फोटो पाठवतो. माझं मत थोडं वेगळं आहे. साधन चुकलं तर बदलता येतं. पण कातायला माल मिळाला नाही, किंवा सोबत बसायला कुणी नसलं, तर उत्तमातला उत्तम चरखासुद्धा दिवाळीपर्यंत माळ्यावर जातो.

ही रड आजची नाही. गांधीजींना चरख्याचा ध्यास लागला तेव्हा गंगाबेन मजमुदार यांनी बडोदा संस्थानातल्या विजापूरला चरखे शोधून काढले. घराघरांत होते, पण माळ्यावर पडलेले. बायका कातायला तयार होत्या. त्यांचं म्हणणं एवढंच की पेळू, म्हणजे कातायला तयार कापसाच्या वळ्या, नियमित द्या आणि सूत विकत घ्या. आपण छंदापायी कातणार, त्यामुळे विकण्याचा प्रश्न नाही. पेळूचा प्रश्न मात्र शंभर वर्षांनीही जिथल्या तिथे आहे. म्हणून तुलना साधनांची करण्याआधी मालाची करू.

कापूस की लोकर

कापसाचा तंतू आखूड, साधारण 20 ते 30 मिलिमीटरचा. मेरिनो जातीच्या मेंढीच्या चांगल्या लोकरीचा त्याच्या दुप्पट-तिप्पट, आणि वर त्याला नैसर्गिक कुरळेपणा. तंतू लांब असला की दोन तंतूंची एकमेकांवरची पकड जास्त अंतरभर राहते, म्हणजे चुका पोटात घालायला धाग्याला जागा मिळते. कापूस तसली सवलत देत नाही. पीळ पोचायच्या आधी हात पुढे गेला की धागा विरतो आणि तुटतो. म्हणून निव्वळ सोपेपणा बघायचा तर लोकर जिंकते, त्यात वाद नाही.

पण आपण राहतो कुठे? महाराष्ट्रात कापूस घरचा आहे. वर्ध्याकडे, खादी संस्थांकडे तयार पेळू मिळतात, काही ठिकाणी विचारलं तर पोस्टानेही पाठवतात. पेळू म्हणजे सरकी काढलेला, पिंजलेला कापूस हलक्या हाताने वळून केलेली पोकळ वळी. ती चांगली असली की अर्धं काम झालं. मेडिकलच्या दुकानातला कापसाचा गुंडाळा आणून प्रयोग करू नका. तो उकळून, धुऊन त्यातलं मेण काढून टाकलेला असतो, त्यामुळे तंतू एकमेकांवरून सरकत नाहीत. उशीतल्या कापसाची गत त्याहून वाईट. गाठीच गाठी.

एक गंमत बघितली आहे. ज्यांच्या घरी चातुर्मासात वाती वळायचा नेम आहे त्या बायका कापसावर फार लवकर हात बसवतात. किती दाबायचं आणि किती सोडायचं हे बोटांना आधीच माहीत असतं. बाकीचे सगळे सुरुवातीला पेळूचा गळा आवळतात.

लोकरीची आपल्याकडची गोष्ट निराळी. दख्खनी मेंढीची लोकर भरड, केसाळ, घोंगडीसाठी उत्तम. चिंचोक्याची खळ लावलेली घोंगडी अंगावर घेतली असेल तर गळ्याभोवती तो मफलर का नको हे सांगायला नको. भाव नाही म्हणून मेंढपाळांना कातरलेली लोकर टाकून द्यावी लागते असंही होतं, तेव्हा धनगरवाड्यावर ओळख असेल तर माल जवळपास फुकट मिळेल. मात्र ती धुणं, त्यातली कुसळं वेचणं आणि विंचरणं हे स्वतःच एक वेगळं काम आहे. मऊ मेरिनोची विंचरलेली लोकर ऑनलाइन मागवता येते, बहुतेक बाहेरदेशची, आणि ती कापसाच्या पेळूपेक्षा बरीच महाग पडते.

टकळी

सगळ्यात स्वस्त, खिशात मावणारी. पोलादी तार, खाली पितळेची चकती, वर आकड्यासारखं टोक. खालचं टोक वाटीत किंवा करवंटीत टेकवायचं, अंगठा आणि बोटाच्या चिमटीत फिरकी द्यायची आणि डाव्या हाताने पेळू वर ओढत न्यायचा. धागा हातभर झाला की चकतीवर गुंडाळायचा, वरच्या टोकाला अडकवायचा, पुन्हा फिरकी. जानव्याचं सूत पूर्वी घरोघरी असंच निघायचं. चार बोटांभोवती 96 वेढे भरतील एवढं सूत काढायला हातात टकळीशिवाय काही लागत नसे.

टकळीची खरी ताकद शिकवण्यात आहे. इथे पीळ डोळ्यांना दिसतो. धागा बारीक झालेल्या जागी पीळ आधी धावतो, जाड जागा तशीच फोफशी राहते. ती दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून थोडी उलटी उकलली आणि हळूच ताणली की सरळ होते. ही एक खुबी हाताला समजली की पुढे कुठलंही यंत्र घ्या, अडत नाही.

वाईट बाजू: वेग. सरावलेल्या हाताचंही सूत चरख्याच्या अर्ध्याहून कमीच निघतं, आणि सुरुवातीला इतकं तुटतं की रागीट माणसाने या वाटेला जाऊ नये. फिरकी देणाऱ्या बोटांना सांधेदुखी असेल तर सरळ चरख्याकडे वळा. बाकी कुणालाही मी टकळी घ्याच म्हणेन, कारण हॉटेलात एका मिसळीला जेवढे पैसे जातात त्याच्या आसपास ती येते आणि छंद आपल्याला मानवतोय की नाही ते महिनाभरात कळतं.

पेटी चरखा

येरवड्याच्या तुरुंगात असताना गांधीजींनी जो घडीचा, उचलून नेता येणारा चरखा घडवत आणला त्याचीच ही वंशावळ, म्हणून याला येरवडा चरखाही म्हणतात. पेटी उघडली की आत दोन चाकं, एक मोठं, एक लहान. मोठं चाक लहानाला फिरवतं, लहान चाक चातीला, म्हणजे सूत गुंडाळून घेणाऱ्या टोकदार सळीला. या दुहेरी रचनेमुळे हाताच्या एका फेरीत चातीचे अनेक डझन फेरे होतात, आणि एवढ्या छोट्या पेटीतून मोठ्या चरख्याइतका वेग मिळतो.

उजवा हात मूठ फिरवतो, डावा पेळू घेऊन चातीच्या टोकापासून तिरका मागे जातो. धागा टोकावरून टक्-टक् सुटत राहतो, हात खांद्यापर्यंत मागे पोचतो, क्षणभर थांबून थोडा जास्तीचा पीळ द्यायचा, मग चाक किंचित उलटं फिरवून टोकावरचे वेढे सोडवायचे, हात चातीला काटकोनात आणायचा आणि धागा गुंडाळून घ्यायचा. लिहायला लांबलचक, करायला दोन श्वासांचं काम. जमलं की त्याची नशा असते, हे खोटं नाही.

दोन्ही हात वेगळं काम करत असल्याने पहिले काही दिवस तबला शिकणाऱ्यासारखी त्रेधा होते: एक हात लयीत आला की दुसरा विसरतो. टकळी आधी झालेली असेल तर डावा हात तयार असतो, फक्त उजव्याला शिकवायचं राहतं.

शरीराचा विचार इथे जरूर करा. परंपरेने मांडी घालून बसायचं, पण गुडघे साथ देत नसतील तर पेटी टेबलावर ठेवून खुर्चीत बसूनही कातता येतं. उंची कोपराच्या जरा खाली हवी. डावा खांदा आखडलेला असेल तर मात्र हा प्रकार त्रासाचा आहे, कारण सगळा लांबलचक ओढा त्याच खांद्यावर येतो. फ्लॅटमध्ये आवाजाची अडचण नाही, खालच्या मजल्यावरच्यांना पत्ताही लागणार नाही. हवा मात्र फरक पाडते. दमट हवेत कापूस खुशीत असतो, म्हणून मुंबई-कोकणात सूत कमी तुटतं. विदर्भातल्या एप्रिल-मे महिन्यांत दुपारी कातायला बसू नका, सकाळी लवकर बसा.

आता हिशेब, कारण इथेच बऱ्याच जणांचा हिरमोड होतो. खादीतली गुंडी, म्हणजे सुताची लड, पूर्वी 640 तारांची असे, तार चार फुटांचा. आता 1000 मीटरची धरतात. मीटरभर लांब, मीटरभर रुंद कापडात इंचाला 40 ताणे (उभे धागे) आणि 40 बाणे (आडवे धागे) धरले तर तीन किलोमीटरच्या वर सूत लागतं, म्हणजे तीन गुंड्या. कुर्त्याच्या अडीच मीटर कापडाला आठ. छंदापुरता सराव असलेला माणूस चरख्यावर तासाला दोनशे-अडीचशे मीटर काढतो असं धरलं, तर कुर्त्यासाठी नुसती कताईच तीस-चाळीस तासांची. वर नवशिक्याचं सूत ताण्याला टिकत नाही, माग त्याची परीक्षा बघतो. तेव्हा पहिलं सूत बाण्यासाठी ठेवा, किंवा दोन पदरी करून क्रोशाचे रुमाल, भांड्यांचे पुसणे करा. चिमूटभर धुण्याचा सोडा टाकून उकळून घेतलं की पीळ बसतो आणि सूत गुंतत नाही.

लोकरीचं स्पिंडल

याला आपले विणकाम करणारे ड्रॉप स्पिंडल म्हणतात: लाकडी दांडी, वर किंवा खाली लाकडी चकती, धाग्याला लोंबत राहून फिरणारी. वजन 30 ते 60 ग्रॅमच्या घरात, म्हणून कापसाला ती सोसत नाही, लोकरीला सोसते. उभ्या-उभ्या, चालता-चालता, बसची वाट बघताना कातता येतं.

तुम्ही सुयांवर विणत असाल तर माझ्या मते निवड इथेच संपते. मफलरला जाडसर धागा अडीचशे-तीनशे मीटर पुरतो. म्हणजे चार-सहा आठवड्यांच्या संध्याकाळींत हातात घालता येण्याजोगी वस्तू येते, जे कापसात स्वप्नातही होत नाही. कातलेली लोकर कोमट पाण्यात बुडवून, टॉवेलात दाबून वाळत घातली की झालं. चोळू मात्र नका, नमदा होईल. विणत नसाल, आणि पुण्या-मुंबईच्या हवेत लोकरीचं करायचं काय हा प्रश्न पडत असेल, तर या वाटेला जाऊ नका. कसरीपासून सांभाळायचं काम तेवढं वाढेल.

पायडलचं परदेशी चाक आणि विजेवर चालणारा ई-स्पिनर यांच्याबद्दल फार लिहीत नाही. दोन्ही छान, दोन्ही महाग, आणि पहिल्या वर्षात दोन्हींची गरज नाही. अंबर चरखाही छंदाचा नाही. जास्त सूत निघावं ही ओढ मात्र जुनी: 1929 साली गांधीजींनी स्थापलेल्या चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस लावलं होतं आणि किर्लोस्करवाडीतही त्यासाठी एक यंत्र तयार झालं होतं. पुढे तमिळनाडूच्या एकांबरनाथन यांच्या अंबर चरख्याने अनेक चात्या एका दमात चालवून दाखवल्या. रोजी कमावणाऱ्यासाठी ती मोठी गोष्ट. आपल्याला रोजी कमवायची नाही.

सोबत कुणाची

माझ्या लेखी ही कसोटी साधनाइतकीच वजनाची आहे. चरखेवाल्यांची बैठक आणि लोकरवाल्यांची बैठक यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. चरख्याची मंडळी बहुधा सर्वोदयी वळणाची, निवृत्त, वेळेवर येणारी. आधी प्रार्थना, मग अर्धा तास मौन कताई, मग चहा. सेवाग्रामला आश्रमातली सूतकताई बघून या, वातावरणाचा अंदाज येईल. तिथे नवख्याला कुणी हसत नाही. शेजारचे काका न बोलता तुमची माळ, म्हणजे चाकावरून चातीकडे जाणारी दोरी, जरा घट्ट करून देतात आणि परत आपल्या चातीकडे वळतात. मौन सोसत नसेल त्याला हे जड जातं.

लोकरवाल्यांचे गट तरुण, बोलके, विणकामातून आलेले. हातात स्पिंडल आणि तोंडाची टकळी अखंड चालू. रंग, नमुने, कुणी काय मागवलं, कुणाकडे जास्तीची लोकर उरली आहे याची देवाणघेवाण जोरात. जुलैमध्ये फ्रान्सची सायकल शर्यत सुरू झाली की जगभरचे हौशी कातणारे त्या दिवसांत रोज कातायचा नेम धरतात, त्याला ‘टूर द फ्लीस’ म्हणतात; त्यात घरबसल्या सामील होता येतं. पैसे खर्च करायला लावण्यात हे गट वाकबगार आहेत, एवढं ध्यानात ठेवा.

ब्रिटन, अमेरिका, न्यूझीलंडमध्ये राहणाऱ्या मराठी वाचकांना सल्ला उलटा. तिथे कातणाऱ्यांची गिल्डं, म्हणजे मंडळं आहेत, बरीच नवख्यांना चाक वापरायला देतात, आणि लोकर तिथली घरची. तिथे आधी लोकर शिका. पेटी चरखा भारतातून न्यायचा असेल तर चात काढून चेक-इन सामानात टाका. ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडला जात असाल तर लाकूड आणि कापूस विमानतळावर लिहून जाहीर करा. सरकीसकट कापूस तर नेऊच नका.

चरखा घेताना

दुकानात किंवा जुना घेताना पेटीच्या पॉलिशवर भाळू नका. चात काढून सपाट फरशीवर घरंगळत सोडा; लचकत गेली तर ती वाकडी आहे, आणि वाकड्या चातीवर देवही कातू शकणार नाही. मोठं चाक बोटाने ढकला, डुलतंय का ते वरून बघा. माळेची गाठ चातीवरून जाताना प्रत्येक वेळी टकटकत असेल तर ती माळ बदलायची आहे, किरकोळ काम. जास्तीची चात आणि दोन माळा तिथेच मागून घ्या, नंतर मिळवताना दमछाक होते. आणि पैसे देण्याआधी दुकानदाराला पेळू कुठले मिळतात ते विचारा. पाव किलो पेळूही सोबत द्या म्हणावं. त्याच्याकडे नसतील तर कुणाकडे मिळतील हे तरी त्याला ठाऊक असायला हवं.