डिस्कला लावायचं अलार्मवालं कुलूप : आठ महिने वापरल्यावर

मागच्या श्रावणात आमच्या बिल्डिंगखालून बाबांची गाडी चोरीला गेली. हँडल लॉक होतं, तरी गेली. सकाळी तिच्या जागेवर नुसता ऑइलचा डाग. मग चौकीच्या खेपा, एफआयआर, विमा कंपनीकडे दोन्ही चाव्या जमा करणं, पोलिसांच्या 'ए' समरीची (गुन्हा खरा, पण चोर सापडला नाही असा अहवाल) वाट बघणं. सत्तरीत त्यांना हे करताना बघवत नव्हतं. माझी गाडी तिथेच शेजारी उभी असते. तिच्यासाठी त्याच आठवड्यात हे कुलूप मागवलं.

पुढच्या चाकाच्या डिस्कला, म्हणजे डिस्क ब्रेकच्या धातूच्या चकतीला, जी भोकं असतात, त्यातल्या एकात याची दांडी बसते. लावलं की 'टिक' वाजतं. गाडी जरा हलली तर आधी बारीक आवाज करून ताकीद देतं, पुन्हा हलवली की दहा सेकंद कानठळ्या बसवतं. डब्यावर ११० डेसिबल लिहिलंय, आणि बंद पार्किंगमध्ये तो आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत स्पष्ट येतो. चाक अडतं हे आहेच, पण उचलून टेम्पोत टाकायला गेले तरी बोंब होते, म्हणून मला हे साध्या कुलपापेक्षा पटलं.

सुरुवातीला त्रास झाला. विसर्जनाच्या दिवशी ढोलाच्या दणक्याने तीनदा वाजलं. परतीच्या पावसात तर रात्री उगाचच सुरू व्हायचं. खालच्या आजींची झोपमोड झाली आणि त्यांनी बोलून दाखवलं, ते बरोबरच होतं. किल्लीच्या भोकात पाणी जात होतं. आता भोक खालच्या बाजूला येईल असं लावतो, आणि पावसात उघड्यावर असेल तर वरून प्लास्टिकची पिशवी बांधतो. तेव्हापासून शांत आहे.

सेल एलआर४४ चे, घड्याळाच्या दुकानात सहज मिळतात. माझे पाच महिने चालले. उतरायला लागले की आवाज बसका होतो, तेव्हाच बदला.

जानेवारीत पहाटे सव्वातीनला वाजलं. मी गॅलरीत आलो तोवर वॉचमनकाकांची बॅटरी गाडीवर होती आणि दोन पोरं गेटबाहेर पळत होती. हँडल लॉक तुटलं होतं, गाडी भिंतीकडे तोंड करून वाकडी उभी, कुलपावर दोन ताजे ओरखडे. दांडी जागची हलली नव्हती. काका लगेच उठले, कारण पहिल्याच दिवशी त्यांना आणि शेजाऱ्यांना मी आवाज ऐकवून ठेवला होता. कुलूप घेतलंत तर हे नक्की करा. ओळखीचा नसेल तर कूस बदलून लोक झोपतात.

कुलूप लावलंय हे लक्षात राहावं म्हणून सोबत केशरी वायर मिळते, ती हँडलला अडकवायचा कंटाळा करू नका. डिस्कला कुलूप तसंच ठेवून गाडी पुढे घेतली तर कॅलिपरवर (डिस्क दाबून धरणाऱ्या ब्रेकच्या भागावर) आपटतं आणि माणूस पडतो. माझा भाऊ असाच पडला, मनगटाला प्लास्टर लागलं.

ड्रम ब्रेकच्या गाडीला हे बसत नाही. मार्चमध्ये विम्याचे पैसे आले तेव्हा बाबांनी पुढे डिस्क असलेलीच स्कूटर घेतली. त्यांचं कुलूप मागच्या रविवारी आलं. त्यांनी ते स्वतः लावलं, स्कूटरला धक्का दिला, आवाज पूर्ण थांबेपर्यंत उभे राहिले आणि मग काकांना हाक मारली, "ऐकलंत ना? ही माझी."