व्हीएमवेअर, हायपर-व्ही की प्रॉक्समॉक्स: पाच वर्षांचा हिशेब

व्हीएमवेअर, हायपर-व्ही आणि प्रॉक्समॉक्स हे एका सर्व्हरवर अनेक आभासी मशीन (व्हीएम) चालवणारे प्लॅटफॉर्म. त्यांची तिन्ही कोटेशन शेजारी ठेवून निर्णय होत नाही, कारण तिघांची मोजणीच वेगळी आहे. प्रत्येकी 8 कोअरचे (कोअर म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे काम करणारा भाग) दोन प्रोसेसर असलेला सर्व्हर घ्या. व्हीएमवेअर प्रत्येक प्रोसेसरमागे किमान 16 कोअर धरतं, म्हणजे 16 कोअरच्या मशीनला बिल 32 कोअरचं. हायपर-व्ही ज्याचा भाग आहे तो विंडोज सर्व्हर 16 कोअर मोजतो. प्रॉक्समॉक्सचं सपोर्ट सबस्क्रिप्शन सॉकेटवर, म्हणजे प्रोसेसरच्या संख्येवर असतं, म्हणून 2. त्याच जागी 64 कोअरचे दोन प्रोसेसर आले, तर पहिल्या दोघांचा आकडा 128 होतो आणि प्रॉक्समॉक्सचा 2 च राहतो. म्हणून सर्व्हर खरेदी आणि प्लॅटफॉर्मची निवड एकाच बैठकीत व्हायला हवी.

ब्रॉडकॉमने नोव्हेंबर 2023 मध्ये व्हीएमवेअर घेतलं आणि पुढच्याच महिन्यात कायमस्वरूपी लायसन्सची विक्री थांबवली. आता पाच वर्षं म्हणजे पाच वर्षांचं भाडं, आणि दर नूतनीकरणाला नवा भाव. तरीही शेकडो व्हीएम, तयार टीम आणि व्हीएमवेअरवरच प्रमाणित केलेली अ‍ॅप्लिकेशन्स असतील, तर तिथेच राहणं परवडू शकतं.

हायपर-व्हीचं गणित एका प्रश्नावर ठरतं: व्हीएममध्ये विंडोज किती? विंडोज सर्व्हरची डेटासेंटर एडिशन घेतली की त्या सर्व्हरवर हव्या तेवढ्या विंडोज व्हीएम चालतात, आणि विंडोजचं हे लायसन्स खाली कोणताही हायपरव्हायझर (व्हीएम चालवणारं सॉफ्टवेअर) असला तरी लागतंच. मग हायपर-व्ही जवळजवळ फुकट पडतो. बहुतेक व्हीएम लिनक्सच्या असतील तर मात्र त्यासाठी विंडोज विकत घेण्यात अर्थ नाही.

प्रॉक्समॉक्स मुक्त स्रोत आहे, पण फुकट नाही. लिनक्स आणि स्टोरेज खरोखर समजणारा माणूस लागतो. सेफ (Ceph, अनेक सर्व्हरच्या डिस्क जोडून केलेलं सामायिक स्टोरेज) क्लस्टर बिघडल्यावर तो हाताशी नसेल तर लायसन्सवर वाचवलेले पैसे एका दिवसात जातात. माझ्या मते असा माणूस असलेल्या छोट्या-मध्यम टीमसाठी आज हाच सर्वांत चांगला पर्याय आहे.

स्थलांतराचा खर्च लोक हमखास विसरतात. व्हीएमवेअरच्या ईएसएक्सआय या हायपरव्हायझरवरून व्हीएम आणायची सोय प्रॉक्समॉक्समध्ये 2024 पासून आहे, पण विंडोज व्हीएममधले व्हर्टआयओ ड्रायव्हर (नव्या प्लॅटफॉर्मवर डिस्क आणि नेटवर्क नीट चालण्यासाठीचे), बॅकअपची नव्याने चाचणी आणि काही महिने दोन्ही प्लॅटफॉर्म एकत्र चालवणं हे सगळं हिशेबात धरा. नूतनीकरणाची तारीख आधी पाहा. त्यापूर्वी काम उरकणार नसेल तर आणखी एका मुदतीचं सबस्क्रिप्शनही त्याच खात्यात लिहावं लागेल.