दोन डिस्कचा नॅस आणि त्याचा अडॅप्टर: फोंड्यातल्या ऑफिसात वर्षभराचा वापर

नॅस म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कला जोडलेली, सगळ्या कॉम्प्युटरना एकत्र वापरता येणारी डिस्कची पेटी. तिचा प्रोसेसर कुठला, रॅम किती, कॉपीचा वेग किती, हे तुम्ही आधीच कुठेतरी वाचलेलं असणार. ते सगळं बरोबर आहे आणि गेल्या पावसात त्यातलं काहीही माझ्या कामाला आलं नाही. म्हणून मी मुख्यतः अडॅप्टरवर लिहिणार आहे.

ऑफिस गोव्यात, फोंड्यात. सर्व्हे, प्लॅन, जमिनीच्या कागदपत्रांचं काम. माणसं चार, कॉम्प्युटर चार, आणि पोर्तुगीज काळातले नकाशे, कोमुनिदादचे (गावच्या सामाईक जमिनीच्या संस्थेचे) जुने कागद गिळणारा एक ए-३ स्कॅनर. ए-३चा एक रंगीत कागद ६०० डीपीआयवर, कॉम्प्रेस न करता स्कॅन केला की २०० एमबीच्या वर जातो. वाटणीच्या एका फायलीत असे कागद ढिगाने. पूर्वी हे सगळं एका कॉम्प्युटरमध्ये आणि दोन सुट्या हार्ड डिस्कवर असायचं, आणि ताजी प्रत कुठली यावर रोज वाद. क्लाउडचं वर्षाचं भाडं काढून बघितलं. तेवढ्यात डिस्क येते आणि ती आपली राहते. शिवाय पावसाळ्यात आमच्याकडे फायबर कधी तुटेल त्याचा नेम नाही.

तेव्हा गेल्या दिवाळीला दोन बेचा, म्हणजे डिस्क बसवायच्या दोन खणांचा, नॅस घेतला. ४ टीबीच्या दोन डिस्क, मिरर लावून, म्हणजे दोन्हींवर तेच. पैसे आठचे मोजायचे आणि जागा चारचीच मिळवायची, हे पचायला मला वेळ लागला. डिस्क घेताना मात्र काटकसर केली नाही. २०२०मध्ये वेस्टर्न डिजिटलला मान्य करावं लागलं होतं, की त्यांच्या 'रेड' मालिकेतल्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्क एसएमआर पद्धतीच्या आहेत. एसएमआरवर ट्रॅक कौलांसारखे एकावर एक सरकवून लिहिलेले असतात. मिरर नव्याने बांधायची वेळ आली की अशी डिस्क रडते. 'रेड प्लस' किंवा सीगेटची 'आयर्नवुल्फ' घ्या, त्या सीएमआर आहेत, म्हणजे ट्रॅक एकमेकांवर न चढवणाऱ्या.

पहिले आठेक महिने तक्रारीला जागा नव्हती. केबलवर सेकंदाला ११० एमबीच्या आसपास मिळतात, म्हणजे तो मोठा स्कॅन दोन सेकंदांत पोचतो. वायफायवर बसलेल्या माणसाने मात्र ही अपेक्षा ठेवू नये; आमच्यातला एक ठेवतो आणि रोज कुरकुरतो. विजेचं म्हणाल तर काम चालू असताना २० वॅट धरा, महिन्याला चौदा-पंधरा युनिट. जुना पीसी सर्व्हर म्हणून चोवीस तास चालू ठेवला असता तर याच्या दुप्पट-तिप्पट गेले असते.

मग जुलै आला. माडाचं चुडत तारेवर पडलं, वीज गेली, आली, पुन्हा गेली. संध्याकाळी नॅस गप्प. एकही दिवा नाही.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण विकणारा ही कधीच सांगत नाही. डिस्क दोन्ही ठणठणीत होत्या. पण त्यातली एक काढून विंडोजच्या कॉम्प्युटरला लावा, विंडोज विचारतं, फॉरमॅट करू? आत लिनक्सची फाईल सिस्टीम, ती त्याला वाचता येत नाही. म्हणजे माल कपाटात सुखरूप, आणि किल्ली गटारात. मिररिंग डिस्क मेल्यावर उपयोगाचं. पेटीच बंद पडली तर दोन प्रती असून विंडोजवरून एकीलाही हात लावता येत नाही. आठवड्याला यूएसबी डिस्कवर साध्या फायलींची नक्कल काढायची शिस्त होती म्हणून काम अडलं नाही, पण मधल्या चार दिवसांचं ड्रॉइंग आत अडकलं ते अडकलंच.

कंपनीचं नाव घेत नाही. दोन बेच्या बहुतेक मशीनना अडॅप्टर असाच बाहेर लोंबतो, तेव्हा एकट्या त्यांना काय बोलायचं. पण हेल्पलाईनची तऱ्हा ऐका. मी म्हणतो, मशीन चांगलं आहे, अडॅप्टर मेलाय, तेवढा पाठवा. ते म्हणतात, डिस्क काढून पूर्ण मशीन मुंबईला पाठवा, तपासणी होईल. मी विचारलं, तपासणीत काय कळणार? उत्तर आलं, "सर, अडॅप्टर खराब आहे की नाही ते कळेल." वॉरंटी शिल्लक असताना! सुटा विकत घ्यायचा तर तीन हजारांवर, आणि तोही स्टॉकमध्ये नाही.

मग सीसीटीव्हीच्या दुकानात गेलो. गोव्यात दर दुसऱ्या बंगल्यावर कॅमेरे, तेव्हा १२ व्होल्टच्या अडॅप्टरची या लोकांइतकी समज कुणाला नाही. दुकानदाराने मीटर लावला आणि म्हणाला, "पात्रांव, हो मेलो." मग समोर ठेवला साडेचारशेचा, वर छापलेलं १२ व्होल्ट ५ अँपियर. तोच घेऊन मी निघालो असतो, पण त्याने थांबवलं. बाईकच्या हेडलाईटचा ३५ वॅटचा बल्ब त्याला जोडला, म्हणजे जेमतेम तीन अँपियरचा भार, आणि मीटर दाखवला. बल्बाआधी बारा, बल्ब लावताच दहाच्या खाली. छाप पाचाची, दम तिनाचासुद्धा नाही. मग मागच्या फडताळातून दुसरा काढला, हाताला जड लागणारा, दुप्पट किमतीचा. बल्ब पेटूनही पावणेबारावर टिकला.

एवढा खटाटोप का, तर साडेतीन इंची डिस्क फिरायला सुरुवात करते तेव्हा क्षणभर १२ व्होल्टवर दोन अँपियरपर्यंत खेचते. दोन डिस्क एकदम उठल्या की चार. एकदा फिरू लागल्या की अर्धा अँपियरही पुष्कळ होतो. म्हणून हलका अडॅप्टर दिवसभर नीट चालल्यासारखा वाटतो आणि वीज येताना घात करतो: एक डिस्क उठते, दुसरी मागे राहते, मशीन समजतं ती मेली, आणि बीप सुरू. मिरर पुन्हा बांधायचा तर ४ टीबीला सात-आठ तास कुठे गेले नाहीत, आणि तेवढ्यात परत वीज गेली तर रामराम.

पिनचंही बघा. बाहेरून बहुतेक साडेपाच मिमी, आतलं भोक २.१ किंवा २.५. २.१वाली २.५च्या सॉकेटात जातच नाही, ते बरं. २.५वाली २.१च्या सॉकेटात बसते, पण सैल, आणि सैल पिन पावसाळ्याच्या दमट हवेत काळी पडते, तापते. माझ्या मूळ अडॅप्टरची पिनही हलायचीच. हजारोंचं मशीन, आणि टेबल पुसताना फडका लागला तर निघेल अशा पिनेवर उभं! लॉक द्यायला किती पैसे लागले असते?

जड अडॅप्टर लावला आणि मशीन उठलं. दोन्ही डिस्क हिरव्या. ऑटोकॅडने तेवढं 'ही फाईल दुसऱ्याने उघडली आहे' म्हणून छळलं. वीज अचानक गेली की डीडब्ल्यूएल नावाच्या बारक्या फायली मागे राहतात. सगळ्यांची कॅड बंद करून त्या उडवल्या की झालं.

इथपर्यंत मी एकच स्टार देणार होतो. पण चवथीच्या सुट्टीआधीच्या घाईत ड्राफ्ट्समनने एका प्लॅनवर भलताच प्लॅन सेव्ह केला. रीसायकल बिन इथे चालत नाही, त्यात डिलीट केलेलंच पडतं, वरून लिहिलेलं नाही. स्नॅपशॉटमधून, म्हणजे नॅस ठरावीक वेळाने आपसूक जपून ठेवतो त्या जुन्या अवस्थेतून, दुपारी एकची प्रत मिनिटभरात परत आली. माझ्या मशीनला स्नॅपशॉटसाठी बीटीआरएफएस ही फाईल सिस्टीम लागते आणि अगदी स्वस्त मॉडेलना बहुधा ती नसते. वरचे पैसे मोजताना मला ते विक्रेत्याचं तोंडपाटीलकीचं कलम वाटलं होतं. त्या दुपारी वसूल झालं. तेव्हा तीन स्टार.

आता यूपीएस. ऑफिसला इन्व्हर्टर आहे म्हणून वेगळा लागत नाही असं समजू नका. इन्व्हर्टरचा मागचा स्विच 'यूपीएस' मोडवर नसेल तर बदलाच्या क्षणी नॅस बसतो. आणि मोडवर असला तरी बॅटरी संपत आली हे नॅसला कोण सांगणार? यूएसबी पोर्ट असलेला यूपीएस घ्या, ती वायर नॅसला जोडा, म्हणजे वेळीच तो स्वतःहून नीट बंद होतो. दुकानात 'यूएसबीवाला' म्हणून मागा, कारण स्वस्त मॉडेलना बहुधा ते पोर्ट नसतं.

बाहेरून मोबाईलवर फायली बघायची सोय आहे, आम्ही बंद ठेवलीय. २०२२मध्ये डेडबोल्ट नावाच्या खंडणीखोर प्रोग्रामने इंटरनेटवर उघडे असलेले क्यूनॅपचे हजारो नॅस कुलूपबंद केले होते. साइटवरून प्लॅन बघायचा तर आमचा माणूस ऑफिसात फोन करतो.

पुन्हा घ्यायचा झाला तर पॉवर सप्लाय आतच बसवलेलं चार बेचं मॉडेल बघेन, दोन बे रिकामे राहिले तरी चालतील. कंपनीचा अडॅप्टर शेवटी चवथीनंतर आला, बऱ्याच ईमेलनंतर आणि मशीन न पाठवता. सोबतची वायर ब्रिटिश पिनेची, आपल्या सॉकेटात न जाणारी. वायर बदलून तो स्पेअर म्हणून ठेवलाय. बल्ब लावून तपासायचा आहे, दुकानदार शनिवारी ये म्हणालाय.