फिजीमध्ये स्टॅक शफल करून पेशी मोजणं: सात महिन्यांनंतर

सात महिने झाले, फिजीमध्ये (मायक्रोस्कोपचे फोटो तपासायचं सॉफ्टवेअर) छोटी जायथन (जावावर चालणारं पायथन) स्क्रिप्ट चालवून स्टॅकमधले, म्हणजे एकाच फाइलमध्ये एकामागे एक रचलेले, फोटो उलटसुलट करूनच पेशी मोजतेय, आणि आता शफल न करता मोजायला बसवतच नाही. आधी कंट्रोलचे ३० फोटो, मग औषध दिलेले ३०, असंच मोजायचे. एकतिसाव्यापासून औषधवाले सुरू हे डोक्यात पक्कं असायचं, मग एखादी धूसर पेशी धरायची की सोडायची ते नकळत त्यावरच ठरायचं. हे लक्षात आलं तेव्हा खरंच वाईट वाटलं, जुनी सगळी मोजणी परत केली.

स्क्रिप्ट जेमतेम वीस ओळींची. १ ते ६० ची यादी, रँडम शफल, आणि त्या क्रमाने एकेक स्लाइस (स्टॅकमधला एक फोटो) नव्या स्टॅकमध्ये. सीड, म्हणजे रँडम क्रम ज्यावरून ठरतो तो आकडा, लिहून ठेवते म्हणजे तोच क्रम परत काढता येतो. शफल स्वतः लिहिणार असाल तर फिशर-येट्स ही पद्धतच वापरा, शेवटच्या जागेपासून मागे यायचं आणि अदलाबदल फक्त उरलेल्यांतच (ती जागासुद्धा धरून) करायची. लॅबमधल्या मैत्रिणीने तिच्या मॅक्रोत (फिजीतला छोटा प्रोग्राम) प्रत्येक जागा सगळ्यांपैकी कुठल्याही जागेशी बदलली होती, दिसायला ठीक वाटतं, पण तीन फोटोंवर करून बघा, अदलाबदलीच्या शक्यता ३×३×३ म्हणजे २७ आणि क्रम फक्त ६, २७ ला ६ ने भाग जात नाही म्हणजे काही क्रम जास्त वेळा येणारच.

मला खरा त्रास दोन ठिकाणी झाला. स्लाइस १ पासून मोजले जातात आणि पायथनची रेंज शेवटचा आकडा घेत नाही, त्यामुळे पहिले दोन आठवडे साठावा फोटो गायब होता आणि एररही नाही. दुसरं जास्त वाईट, ॲडस्लाइस (स्टॅकमध्ये फोटो टाकायची कमांड) पिक्सेलची कॉपी करत नाही, नव्या स्टॅकवर ब्लर मारला तर मूळ स्टॅकपण ब्लर! आधी फोटो डुप्लिकेट करूनच नव्या स्टॅकमध्ये टाका.

आणि लेबल पुसा हो, नाहीतर फोटोच्या वरच फाइलचं नाव दिसतं, मग शफल करून काय उपयोग. कुठला नंबर म्हणजे मूळचा कुठला फोटो ते सीएसव्हीत (साध्या तक्त्याच्या फाइलमध्ये) जातं, ती फाइल मोजणी संपेपर्यंत मैत्रिणीकडे असते.

एका बॅचचं स्टेनिंग (पेशींना दिलेला रंग) गडद असेल तर मात्र शफल करूनही डोळ्यांना कळतंच, म्हणून आता दोन्ही गटांच्या स्लाइड एकाच दिवशी स्टेन करतो.