दोन रॅक कुठे ठेवायचे : ऑफिसातच, की नवी मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये?

पुण्यातल्या पन्नास-साठ माणसांच्या कंपनीत सर्व्हर दोन रॅकपर्यंत (रॅक म्हणजे सर्व्हर एकावर एक बसवायचं कपाट) वाढले, की हा प्रश्न येतोच. चर्चा बहुधा भाड्याच्या आकड्यावर सुरू होते आणि तिथेच संपते. माझ्या मते आधी हे विचारा : रविवारी पहाटे तीनला एसी बंद पडला, तर तो कोण चालू करणार?

सर्व्हर जितकी वीज खातो, जवळजवळ तितकीच उष्णता बाहेर टाकतो. दोन रॅकचे मिळून 5 किलोवॉट धरले, तर दीड टनाचा एसी कसाबसा पुरतो (एक टन म्हणजे साधारण 3.5 किलोवॉट), तोही चोवीस तास, बारा महिने. म्हणून दोन-दोन टनांचे दोन एसी हवेत, एक चालू, एक राखीव. त्यातही खरी मेख अशी, की बहुतेक ऑफिसांत सर्व्हर यूपीएसवर असतात, एसी नसतो. वीज गेली की सर्व्हर चालूच राहतात, गारवा थांबतो आणि बंद खोली मिनिटागणिक तापते. आमच्याकडे एका मे महिन्यात रविवारी वीज क्षणभर गेली नि आली. एसीला ऑटो रीस्टार्ट नव्हतं. सोमवारी दार उघडलं तर तोंडावर झळ आली, दोन हार्ड डिस्क गेल्या होत्या. सर्व्हरमध्ये शिरणारी हवा 18 ते 27 अंशांत असावी, अशी अ‍ॅश्रे या वातानुकूलन अभियंत्यांच्या अमेरिकी संस्थेची शिफारस आहे. तेव्हापासून मी तापमापक भिंतीवर नाही, रॅकच्या पुढच्या बाजूला लावतो. आणि एसीचं इनडोअर युनिट रॅकच्या डोक्यावर कधीच नको. ड्रेन तुंबला की पाणी थेट सर्व्हरवर.

नवी मुंबईतल्या महापे, रबाळे, ऐरोलीच्या डेटा सेंटरमध्ये ही सगळी काळजी दुसऱ्याची असते. टियर 3 ही डेटा सेंटरची एक श्रेणी, म्हणजे एखादा यूपीएस किंवा चिलर (थंडाव्याचं मोठं यंत्र) दुरुस्तीला काढला तरी तुमचे सर्व्हर बंद करावे लागत नाहीत. 12 ऑक्टोबर 2020 ला मुंबई परिसराची वीज गेली, तशा दिवसासाठीच तिथे जनरेटर आणि डिझेलचा साठा असतो. ऑफिसात हे उभं करणं दोन रॅकसाठी परवडत नाही.

पण तिथे गेलं म्हणजे निर्धास्त, असं नाही. मार्च 2021 मध्ये फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला ओव्हीएच या फ्रेंच होस्टिंग कंपनीचं एक डेटा सेंटर आगीत जळालं. ज्यांचा बॅकअपही तिथेच होता, त्यांचा डेटा गेला. बॅकअप दुसऱ्या गावातच ठेवा. बिलाकडेही बघा : वीज केव्हीएवर (ठरवून घेतलेल्या क्षमतेवर) ठोक आहे की मीटरवर (वापराल तितकी), केबल जोडणीचे आणि त्यांच्या माणसाने येऊन बटण दाबण्याचे पैसे वेगळे आहेत का. दोन फीड (वीज येण्याच्या दोन स्वतंत्र वाटा) मिळाले, तर सर्व्हरच्या दोन वायरी दोन वेगवेगळ्या फीडवर लावा, आणि कुठल्याही फीडवर त्याच्या क्षमतेच्या निम्म्यापेक्षा जास्त भार टाकू नका. एक गेला की सगळा दुसऱ्यावर येतो.

चाकणच्या कारखान्यात मशीनच सर्व्हरवर चालत असतील, तर ते सर्व्हर तिथेच राहू द्या. डेटा सेंटरची लिंक तुटली की उत्पादनाची लाइन थांबेल. बाकीच्यांनी मात्र, माझं स्पष्ट मत, हलवावं. ऑफिसात फायरवॉल, नेटवर्कचा स्विच आणि लहान यूपीएस पुरे. करारावर सही करण्याआधी स्वतः जाऊन या, आणि जनरेटर खऱ्या भारावर शेवटचा कधी चालवला, त्याची नोंदवही मागा.