वारस नोंद नसलेला शोक : जोसेफ हॅन्सन यांची ‘फेडआउट’

जोसेफ हॅन्सन यांची ‘फेडआउट’ ही 1970 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेली रहस्य कादंबरी मी यंदा कापूस वेचणीच्या दिवसांत, रात्री जेवणे उरकल्यावर, मोबाइलवर वाचली. वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या खेड्यात इंग्रजी रहस्यकथा अशीच मिळते, कारण गावच्या वाचनालयात त्या येत नाहीत.

कथानक साधे आहे. कॅलिफोर्नियातल्या पिमा नावाच्या छोट्या गावात फॉक्स ओल्सन या लोकप्रिय रेडिओ कलाकाराची मोटार पावसात पुलावरून खाली कोसळते. मोटार सापडते, मृतदेह मात्र सापडत नाही. विम्याची रक्कम द्यायची की नाही, हे ठरवण्यासाठी कंपनीचा तपासनीस डेव्ह ब्रँडस्टेटर तिथे येतो. डेव्ह समलिंगी आहे. वीस वर्षांहून अधिक काळ ज्याच्याबरोबर त्याने संसार केला, तो रॉड नुकताच कर्करोगाने गेला आहे. डेव्हचे समलिंगी असणे लेखकाने लपवलेले नाही आणि त्याचे रहस्यही केलेले नाही. कॅलिफोर्नियात तेव्हा असे संबंध कायद्याने गुन्हा होते आणि तो कायदा 1975 साली बदलला, हे लक्षात घेतले म्हणजे या साधेपणामागचे धैर्य कळते.

मला ही कादंबरी इतकी लागली, त्याचे कारण खुनाच्या शोधात नाही. काही वर्षांपूर्वी पोळ्याच्या सुमारास आमच्या गावचा एक शेतकरी नाल्याच्या पुरात बैलबंडीसह वाहून गेला. पुढे विम्याच्या चौकशीसाठी एक साहेब आले, तेव्हा मी त्या ओसरीवर होतो. शेतकऱ्याच्या बायकोने खताच्या पिशवीतून सातबारा, फेरफार, पंचनामा आणि शवविच्छेदन अहवाल एकेक करून काढून सतरंजीवर मांडले. साहेबांनी ते दोनदा चाळले, एक कागद कमी असल्याचे सांगितले आणि चहा न घेताच ते उठले. ज्याच्या होकारावर घराचे पुढचे वर्ष अवलंबून असते, त्या माणसाचे वजन काय असते, हे मी त्या दिवशी पाहिले.

हॅन्सन यांनी तेच वजन डेव्हच्या हाती दिले आहे आणि त्याच वेळी त्याला असा शोक दिला आहे, ज्याची कुठल्याही दप्तरात नोंद नाही. ओल्सनच्या पत्नीला निदान दावा तरी करता येतो. रॉडच्या मागे राहिलेल्या डेव्हला मात्र कायद्याने वारस म्हणायलाही कोणी तयार नाही. त्यामुळे तो समोरच्याला प्रश्न विचारतो तेव्हा त्याच्या आवाजात अधिकार असतो, पण उर्मटपणा नसतो. आपल्याकडे 6 सप्टेंबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढले, तरी ऑक्टोबर 2023 मध्ये अशा विवाहाला मान्यता देण्यास नकार दिला; म्हणून डेव्हची ही अडचण पन्नास वर्षांपूर्वीची असूनही मला परकी वाटली नाही.

घरांची वर्णने फार नेमकी आहेत. खोलीतले सामान, भिंतीवरची चित्रे, न आवरलेले टेबल यांतून त्या घरात कोणाचे चालते आणि कोण गप्प बसते, हे माणसे बोलण्याआधीच समजते. उणिवाही आहेत. पात्रांची नावे भराभर येतात, स्त्री पात्रे पुरुषांइतकी खोल उतरत नाहीत आणि शेवटची उकल जरा घाईची वाटते. त्या काळातले बोलीभाषेतले इंग्रजी मला दोन-तीनदा मागे जाऊन वाचावे लागले. खुनी कोण, हे मात्र मी शेवटपर्यंत ओळखू शकलो नाही.

डेव्हच्या मालिकेत एकूण 12 कादंबऱ्या असून शेवटची 1991 साली आली. नव्या वाचकाने ‘फेडआउट’पासूनच सुरुवात करावी, कारण रॉडच्या जाण्याची सावली पुढेही डेव्हवर राहते. दुसरी, 1973 सालची, मी आता वाचायला घेतली आहे. तिचे नावच ‘डेथ क्लेम्स’, म्हणजे मृत्यूचे दावे, असे आहे.