गवती चहाचं रोप: आठ महिन्यांनंतर

जूनमध्ये नर्सरीतून ८० रुपयांना आणलेलं रोप मी ऑक्टोबरात उपटून टाकलं. ते गवती चहाचं नव्हतंच.

पहिल्याच दिवशी चहाला डासांच्या मलमाचा वास आला. आई म्हणाली, "हे आपलं नाही गं." रोप लहान आहे, खरा वास नंतर येईल, असं म्हणत मी चार महिने तोच चहा प्यायले. शेवटी बुंध्याची वरची पात सोलली, तर आत लालसर जांभळं. सिट्रोनेला! डासांच्या मलमात ज्याचं तेल घालतात ते गवत. गवती चहाचाच भाऊबंद, पात हुबेहूब तशीच. वास मात्र सिट्रोनेलाल या द्रव्याचा. आपल्याला हवं असतं लिंबाच्या वासाचं द्रव्य, सिट्रल. गवती चहाच्या तेलात ते ७०-८० टक्के असतं. लिंबाच्या सालीच्या तेलात जेमतेम दोन-चार टक्के, तरी लिंबाचा वास ओळखू येतो तो मुख्यतः त्याच्यामुळेच.

नर्सरीवाला म्हणाला, "पानं तीच आहेत, बदलून मिळणार नाही." ८० रुपयांत दोन आठवड्यांचं आलं येतं. मला अजून राग आहे.

मग मावशीने मोरीच्या पाण्यावर वाढलेल्या ठोंबातून तीन फुटवे दिले, फुकट. वरची पात अर्धी छाटून लावले. जानेवारीत पहिली कापणी केली, बुंध्यापासून चार बोटं ठेवून. पातीची कड बोट चिरते, कात्री घ्या. तीन पाती, आलं, झाकण ठेवून दोन मिनिटं. हा तो चहा!

"लाल बुंधा दिसला की घेऊ नका" असंच मी लिहिणार होते. ते मागे घेते. केरळातला कोचीन गवत म्हणतात तो गवती चहाही लालसर बुंध्याचा असतो आणि तेलासाठी मुख्यतः तोच लावतात. तिथल्या ओडक्कालीला १९५१ मध्ये त्याचं संशोधन केंद्र सुरू झालं. म्हणून रंगावर जाऊ नका. पात चुरगळा आणि नाकाशी धरा.

एक तक्रार उरली. थाई सूपमध्ये बुंध्याचा पांढरा भाग ठेचून घालतात. माझा कुंडीतला बुंधा पेन्सिलीएवढाच. जाड बुंधा हवा असेल तर जमिनीतच लावा.

दक्षिण भारत-श्रीलंकेपासून आग्नेय आशियापर्यंतचा पट्टा या गवताचं मूळ घर मानतात. आपल्या परसातल्या जातीला फूल क्वचितच येतं, त्यामुळे बियांचा भरवसा नाही. एका ठोंबातून दुसरा, असाच तो घरोघरी पोचला. मग विकत कशाला घ्यायचा? शेजारी मागा. आमच्या कुंडीतले दोन फुटवे परवाच खालच्या मजल्यावर गेले.